सुधीर मघाच आला

१

तुम्ही कधी नीट बघतच नाही. दार उघडता, "या, या" म्हणता, पाणी पुढे करता. नाव विचारता, गाव विचारता, आणि उत्तरं पटली की तुमचं समाधान होतं. समोर कोण बसलंय हे बघायची तसदी घेत नाही. उत्तरं बरोबर असली की तुम्हाला माणूस नसला तरी चालतो.

हे मी कुणाला म्हणतेय ते विचारू नका. ज्याला लागेल त्याला लागू दे.

आमच्या घरी नाताळ दरवर्षी एकाच पद्धतीने होतो. सकाळी उपासना, मग देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायऱ्यांवर मंडळीतल्या लोकांशी न संपणारं हस्तांदोलन. घरी आलं की फराळाची ताटं विणलेल्या रुमालांनी झाकून नेरूळच्या आमच्या सिडको इमारतीत वाटायची. करंज्या, शंकरपाळी, अनारसे. "तुमच्यामुळे आम्हाला दिवाळी दोनदा," असं कुणीतरी म्हणतंच. मग दुपारी मटणाचं जेवण. आणि जेवणाआधी गोल.

गोल माझ्या आजोबांनी सुरू केला. टीपॉय बाजूला सारून सगळ्यांनी हातात हात धरून उभं राहायचं, डोळे मिटायचे, आणि ज्या एका माणसाबद्दल देवाचे आभार मानायचे त्याचं नाव घ्यायचं. फक्त नाव. भाषण नाही. गोलात ज्याचं नाव घेतलं तो घरचा, असं आजोबा म्हणत. माझ्या आत्याने तिच्या नवऱ्याचं नाव असंच घेतलं होतं. आजोबांना तो मुलगा मुळीच पसंत नव्हता. पण प्रार्थनेत कुणी कुणाला अडवत नाही. आमेन झालं आणि आजोबांनी मुकाट्याने त्याच्या ताटात मटणातली मानाची नळी वाढली.

प्रार्थनेत कुणी अडवत नाही, यावरच माझा सगळा बेत उभा होता.

२

आईने विचारलं तेव्हा ती लसूण सोलत होती. मी नुकतंच सांगितलं होतं की एक मुलगा आहे, त्याच्याशी लग्न करायचंय, नाताळला घरी आणते. कसा आहे, तिने विचारलं नाही. कुठे भेटला, तेही नाही.

"नाव काय?"

दंगलीच्या दिवसांत आई मुंबईत मावशीकडे अडकली होती. परत येताना रस्त्यात काही माणसांनी थांबवून नाव विचारलं. तिने स्वतःचं नाव "प्रेमला" असं सांगितलं, त्यांनी जाऊ दिलं. तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईचं काय झालं ते आई कधीच बोलली नाही. तेव्हापासून ती दूधवाल्यालाही आधी नाव विचारते.

मी म्हणाले, "सुधीर."

एकदा नाव तोंडातून गेलं की बाकीचं आपोआप येतं. कुठला? नगरकडचा. मंडळीतला? हो, मंडळीतलाच. आईवडील? आई नाही त्याला. काम? तळोज्याला कंपनीच्या लॅबमध्ये. एवढं एक खरं होतं. गातो-बितो का? पेटी वाजवतो. दिसायला?

"असतात तसा. चारचौघांसारखा."

लसूण संपला, चौकशीही संपली.

आणि ही मी. दंगलीनंतर आमच्या गटाचं पथनाट्य होतं. वाशीच्या, पनवेलच्या चौकांत उभी राहून मी घसा फाटेपर्यंत ओरडायचे, "नाव विचारू नका!" वाक्य माझं होतं, मीच लिहिलेलं. लोक टाळ्या वाजवायचे. अल्तमश डफ वाजवायचा. तिथेच आमचं जमलं.

नाताळच्या दुपारी इमारतीखाली, सायकलींच्या शेडपाशी, मी त्याला थांबवलं. तो उरणजवळच्या मोऱ्याहून एसटीने आला होता, स्टेशनवरून मी त्याला रिक्षाने आणलं होतं. इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा डबा.

"एक सांगायचंय. चिडू नकोस."

"म्हणजे चिडण्यासारखं आहे."

"वर तुझं नाव सुधीर आहे."

तो हसला. "आडनाव पण सांगून ठेव. कुणी विचारलं तर लटकायचो मी."

"फक्त गोलापर्यंत. गोलात मी तुझं खरं नाव घेणार. सगळ्यांचे डोळे मिटलेले, मधे कुणी बोलणार नाही. आमेन झालं की झालं. मग काय रडायचं ते रडू देत."

"म्हणजे जेवायच्या आधी मी परत अल्तमश."

"हो."

"आणि अम्मी? तिचं काय नाव ठेवलंस?"

मी शेडच्या पत्र्याकडे बघत राहिले.

"ठेवलं असशील ना काहीतरी?"

"तुला आई नाही, असं सांगितलंय."

त्याने डबा या हातातून त्या हातात घेतला. डब्यात सांदण होते. तांदळाचे, नारळाच्या रसातले, वाफवलेले. ज्या अम्मीला मी लसणाच्या सालींबरोबर निकालात काढलं होतं, त्या शमसुन्निसाकाकूंनी पहाटे उठून ते माझ्या घरच्यांसाठी केले होते. डबा अजून कोमट असावा. तो दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "मी येतो मागून."

"येशील ना नक्की?"

"यायलाच लागेल. अम्मीला डबा परत पायजे, तोही रिकामा."

३

पहिल्या मजल्याच्या पायरीवर बाळाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचा नवरा मार्केटात माथाडी. घरात माणसं फार, म्हणून त्यांचा निम्मा संसार जिन्यात चालतो. त्यांच्या नजरेतून सुटून वर काही जात नाही.

"सुनीते, पावनं येनार व्हतं न्हवं आज?"

"येतायत मागून. वर कुणी गेलं नाही ना अजून?"

"सकाळच्यान् हितं बसलीया. तुझा बाप मटान घिऊन गेला त्येवडाच. दुसरं कोन बी न्हाई."

तिसऱ्या मजल्यावर आमचं दार सताड उघडं होतं. गॅलरीत पप्पांनी लावलेली कागदी चांदणी भर उन्हात हलत होती. आई पदराला हात पुसत बाहेर आली. एवढी खुशीत मी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"अगं, होतीस कुठे? सुधीर मघाच आला!"

मला वाटलं अल्तमश मागच्या बाजूने कसातरी वर चढला. मागच्या बाजूला जिना नाही. मग वाटलं, आई गंमत करतेय. आई गंमत करत नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पेटी वाजायला लागली.

नाताळचं साधं गीत होतं, आम्ही लहानपणापासून म्हणतो ते. वाजवणाऱ्याचा हात स्वच्छ होता. घाई नाही, हौस नाही. मी पप्पांकडे पाहिलं. पेटी पप्पांची. या घरात ती फक्त तेच वाजवतात. पप्पा समोर खुर्चीत बसले होते, दोन्ही हात पोटावर ठेवून, डोळे मिटून ऐकत.

"छान हात आहे मुलाचा," ते म्हणाले.

४

आता शांत डोक्याने विचार कर, मी स्वतःला बजावलं. सुधीर नावाची माणसं नगरकडे काय कमी आहेत? देवळातल्या पाळकसाहेबांनी कुणाला तरी पाठवलं असेल. मंडळीतला एखादा नवा मुलगा शुभेच्छा द्यायला आला, त्याने नाव सांगितलं, आणि आईने त्याला जावई समजून आत बसवलं. हसण्यासारखी गोष्ट. आता मी आत जाणार, त्याला सॉरी म्हणणार, करंजी देणार, कटवणार. बाळाबाई मधे घरात गेल्या असतील, तेवढ्यात आला असेल.

मग मला पेटी ऐकू आली. म्हणजे ती वाजतच होती, पण आता मी नीट ऐकलं.

आमच्या पेटीची मधली एक पट्टी मेलेली आहे. दाबली की सूर येत नाही, नुसती फुस्स हवा येते. या गीतात तो सूर तीनदा लागतो. त्या जागी आम्ही सगळे गातानासुद्धा थबकतो, सवयच झालीय. आत्ता तो सूर येत होता. पहिल्या ओळीतही आला, दुसऱ्या ओळीतही.

"पप्पा, पेटी दुरुस्त करून आणली?"

"कुठली गं? बेलापूरचं ऑफिस सुटतं तोवर दुकानं बंद. जानेवारीत नेईन."

मी स्वयंपाकघरात गेले. आई रश्शाची चव बघत होती.

"आई, तो आत कोण आहे?"

"कोण म्हणजे? तूच आणलायस ना?" ती हसली. "चांगला आहे गं. लाजतो फार. म्हटलं हॉलमध्ये बसा, तर म्हणे आतच बरा आहे. त्याचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते ना? श्रीरामपूरला. म्हणाला, बाटल्यांवर औषधाच्या खुणेच्या पट्ट्या चिकटवायला मी बसायचो त्यांच्याजवळ."

मी ओट्याला धरलं.

कंपाउंडर मी आईला सांगितला नव्हता. कुणालाच सांगितला नव्हता. स्टेशनवरून रिक्षाने येताना, अल्तमश पेट्रोलच्या भावाबद्दल रिक्षावाल्याशी वाद घालत असताना, मी मनात जुळवत होते. वडिलांचं विचारलं तर काय सांगायचं? श्रीरामपूर. मिशनचा दवाखाना. कंपाउंडर. बाटल्यांच्या पट्ट्या मला अजून सुचल्याही नव्हत्या.

"आई, दिसतो कसा तो?"

आईने झाकण ठेवलं. क्षणभर तिच्या कपाळाला आठी पडली, आपण गॅस बंद केला का हे आठवावं तशी.

"असतात तसा," ती म्हणाली. "चारचौघांसारखा."

५

हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत आमचा बोळ आठ पावलांचासुद्धा नाही. डावीकडे मोरी, उजवीकडे कपाट, समोर पडदा. पडद्याच्या पितळी कड्या जरा हात लागला तरी वाजतात. मी हात लावला नाही. फटीतून बघितलं.

तो पाठमोरा बसला होता, सतरंजीवर. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कॉलर ताठ. केसांवर कंगव्याच्या ओळी दिसत होत्या. माझ्या पलंगाची चादर, माझ्या पुस्तकांचा ढीग, भिंतीवर आमच्या पथनाट्याचं पोस्टर. त्या सगळ्यात तो असा बसला होता की खोलीतली एखादी वस्तू हलवून नेमकी त्याच जागी जागा केली असावी.

पेटी थांबली. भाता चालूच राहिला. आत-बाहेर, आत-बाहेर. सूर नाही, नुसता श्वास.

"कोण तुम्ही?" मी म्हणाले. मोठ्याने म्हणायचं होतं. आवाज मोरीतल्या नळाएवढाच निघाला.

"आलीस?" तो म्हणाला.

एकदा आमच्या नाटकाची कॅसेट ऐकताना मला माझा आवाज ओळखू आला नव्हता. ही कोण बाई, असं मी विचारलं होतं, आणि सगळे हसले होते. तसा आवाज होता. पुरुषाचाच, जाड, गोड. पण मला त्यात माझं काहीतरी ऐकू आलं.

"काळजी करू नकोस," तो म्हणाला. "मी सगळी उत्तरं बरोबर दिली."

तो मान वळवायला लागला. हळू, आज्ञाधारकपणे, मी बोलावलंय म्हणून. कानामागची कातडी दिसली, मग कान.

दाराची बेल वाजली.

मी पळाले. एवढ्या मोठ्या बाता मारणारी मी, आठ पावलांचा बोळ पळत ओलांडला.

६

दारात अल्तमश उभा होता. डबा दोन्ही हातांत. जिना चढताना त्याने काहीतरी ठरवलं असावं, कारण चेहरा मोकळा होता. मला बघून त्याने भुवया उडवल्या. चल, करू तुझं नाटक, असं ते होतं. तो सुधीर व्हायला तयार होऊन आला होता.

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"कोण गं हे?"

सांगायला पाहिजे होतं. त्या क्षणी सांगणं किती सोपं होतं! आत कुणीतरी भलताच बसलाय, आई, हा बघ खरा. पण तसं म्हटलं की मग नाव. नाव म्हटलं की तो दुपारभराचा आनंद तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मला बघावा लागणार. शिवाय एक सुधीर घरात होताच. दुसरा कुठून आणू?

"हा अल्तमश," मी म्हणाले. "आमच्या पथनाट्यातला. डफ वाजवतो. सहज आलाय, नाताळचं भेटायला."

खरं नाव मी घेतलं. असं घेतलं.

अल्तमश माझ्याकडे बघत राहिला. आतून पेटी पुन्हा सुरू झाली.

"या ना, या," पप्पा उठून पुढे आले. "अल्तमश? वा! आमच्या ऑफिसात हारुन म्हणून आहेत, उरणकडचे. ईदला मला शिरखुर्मा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. बसा. आता जेवूनच जायचं."

"नको काका, मी निघतो. हे फक्त द्यायचं होतं." त्याने डबा आईच्या हातात दिला. "सांदण आहेत. माझ्या आईने केलेत."

माझ्या आईने. हळू बोलला तो, पण प्रत्येक अक्षर वेगळं.

"आई कशी आहे तुमची?" आईने विचारलं. सवयीने नाव विचारण्याऐवजी तिने हे विचारलं.

"बरी आहे, काकू. गुडघे दुखतात. पहाटे उठू नको म्हटलं तर ऐकत नाही."

"आयांचं असंच," आई म्हणाली. "बसा. असं गोड देऊन कुणी उपाशी जातं का? आत आमचा जावई वाजवतोय, ऐका तोवर."

तो बसला. पाहुणा बसतो तसा, खुर्चीच्या कडेवर. आई सांदण घेऊन आत गेली, पप्पा खुर्च्या सरकवायला लागले, तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत कोण वाजवतंय?"

"मला माहीत नाही."

"काकूंनी मला आत्ता सांगितलं, आमचा जावई वाजवतोय."

"अल्तमश, मी खरंच सांगते, मला माहीत नाही तो कोण आहे."

"गोलात काय करणार आहेस?"

"तुझं नाव घेणार."

त्याने बोळाकडे पाहिलं. आत मेलेल्या पट्टीचा सूर पुन्हा लागला, गोल आणि स्वच्छ.

७

टीपॉय बाजूला झालं. पप्पांनी अल्तमशला आग्रहाने उभं केलं. "तुमचा देव, आमचा देव, आभार मानायला काय हरकत आहे? कुणाचंही एक नाव घ्या. मनातलं."

पप्पा, मग आई, मग अल्तमश, मग मी. माझा उजवा हात अल्तमशच्या हातात. माझा डावा हात मोकळा, पप्पांचा उजवा हात मोकळा. मधे एका माणसाची जागा.

"डोळे मिटा," पप्पा म्हणाले. आणि आवाज चढवून, "सुधीरराव, या."

पेटी थांबली. पडद्याच्या कड्या वाजल्या. पावलांचा आवाज आला नाही. माझ्या डाव्या हातात एक हात आला.

थंड नव्हता. मी त्याचीच वाट बघत होते, थंड असेल म्हणून. कोमट होता, नेमका माझ्या हाताइतका, त्यामुळे कुठे माझा हात संपतो ते कळेना. नाडी लागत होती. माझ्याच ठोक्यावर पडत होती.

"परमेश्वरा," पप्पा म्हणाले, "आज आमच्या दारी आलेल्या मुलाबद्दल तुझे आभार मानतो. अल्तमशबद्दल."

इतक्या सहज. मेथीची जुडी मागावी तितक्या सहज. जे नाव मी लपवून ठेवलं, खोट्यात गुंडाळलं, ते माझ्या बापाने बिनदिक्कत गोलात ठेवलं. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मी कुणापासून कुणाला वाचवत होते?

"सुधीर," आई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता.

अल्तमश थांबला. मग म्हणाला, "सुनीती."

आता माझी पाळी.

मी डोळे उघडले. धीर यावा म्हणून, त्याच्याकडे बघायला. त्याचेही डोळे उघडे होते. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या पलीकडे, डावीकडे बघत होता, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मी डावीकडे बघितलं.

कॉलर ताठ होती. वरचं बटण लावलेलं. गळ्यावरचा कंठमणी हलत होता. केसांतला भांग सरळ होता. आणि भांग आणि कंठ यांच्या मधे... मला आठवलं की मी आईला सगळं सांगितलं होतं, गाव, नोकरी, पेटी, मेलेली आई. फक्त एक गोष्ट सांगायची मला गरजच पडली नव्हती. कुणी खोदून विचारलंच नव्हतं. ती तिथे नव्हती. नव्हती असं म्हणणंही बरोबर नाही. काहीतरी तिथे माझ्याकडे वळलेलं होतं, थांबलेलं होतं. आता सांग, मी कसा दिसू, असं विचारल्यासारखं.

भीतीने माझी जीभ घसरली, असं मी म्हणू शकते. ते खोटं ठरेल. हाताला कुणी दाब दिला नाही. भीती तर होतीच, पण माझं मन त्या क्षणी इतकं स्वच्छ होतं की मला रश्शाचा वास येत होता. मी आईकडे बघितलं. डोळे मिटलेले, गालांवर ओल, ओठांवर हसू. आणि मला वाटलं, आत्ता नको. जेवण होऊ दे. उद्या सांगू.

"सुधीर," मी म्हणाले.

अल्तमशने हात लगेच सोडला नाही. पप्पांचं आमेन होईपर्यंत धरून ठेवला, रीत म्हणून. मग सोडला.

८

सगळ्यांनी डोळे उघडले तेव्हा गोलात आम्ही चौघंच होतो. आत पेटी वाजत होती. "लाजतो," असं आई कौतुकाने म्हणाली आणि एक ताट वाढून आत नेलं.

अल्तमश दारात चपला घालत होता. मी त्याच्याजवळ गेले. बाही धरायला हात पुढे केला, पण धरवली नाही.

"तू पाहिलंस ना त्याला? सांग ना, पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग तू असा कसा जातोस?"

"सुनीती," तो म्हणाला, आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं, "मला वाटलं होतं तू फक्त नाव बदललंस." मग घराकडे वळून, "काका, येतो. काकू, डबा राहू दे."

तो उतरायला लागला. मी उंबऱ्यात उभी राहिले. मागे पप्पा म्हणत होते, चांगला मुलगा वाटला, जेवला का नाही? स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "सुनीती, सांदण किती मऊ झालेत बघ. त्यांच्या आईला विचारायला पाहिजे, रस कधी घालतात." आणि जे कशानेच झालं नव्हतं ते एवढ्या साध्या वाक्याने झालं, त्याने मला ढकललं.

मी अनवाणी धावले. तिसरा मजला, दुसरा मजला. त्या जिन्यात मी पहिल्यांदा त्याचं नाव ओरडले. "अल्तमश!" दारं उघडली असतील तर उघडोत. "अल्तमश, थांब!" ऐकायला त्याच्याशिवाय सगळे होते. जिन्याच्या जाळीतून मला फाटकापाशी त्याचा इस्त्रीचा शर्ट दिसला, रस्त्यावर वळला, दिसेनासा झाला.

पहिल्या मजल्यावर बाळाबाईंनी मेथीचं सूप मांडीवर ओढून घेत मला वाट दिली. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आगं, हात सोड की त्येचा," त्या म्हणाल्या. "पायऱ्या तरी नीट उतरू दे बापड्याला."